गाजराची रानातली भावकी

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय, फक्त माझे चार-दोन “म्हणजे… म्हणजे…” कमी केलेत.)

कुणी जालना रोडच्या सिग्नलला अडकलं असेल, कुणी वाळूजच्या बसमध्ये उभं असेल, कुणी अभ्यासिकेत पुस्तक उघडं ठेवून हळूच कानात इअरफोन घातला असेल.

आज एक सोपा प्रश्न विचारते. तुम्ही गाजराचं फूल पाहिलंय का? गाजर नाही, गाजराचं फूल.

आमच्या सोसायटीत मी हा प्रश्न अकरा जणांना विचारला. नऊ जण “नाही” म्हणाले. दोघं “हो” म्हणाले आणि त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला. दोन्ही फोटो गाजर गवताचे होते!

त्यात त्यांचा दोष नाही. गाजराला फूल येईपर्यंत आपण त्याला जगूच देत नाही. गाजर पहिल्या हंगामात जमिनीखाली साठवण करतं, म्हणजे बँकेत पैसे टाकल्यासारखं, आणि थंडी खाऊन झाल्यावर ती सगळी साठवण काढून उंच दांडा टाकतं, फुलतं, बी धरतं आणि मरतं. आपण बँक भरली रे भरली की दरोडा घालतो आणि हलवा करतो. मग फूल दिसणार कुठून?

आधी गाजर गवताचा विषय संपवून टाकू, कारण त्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नाही. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, काही म्हणा, शास्त्रीय नाव पार्थेनियम. याचा गाजराशी काडीचा संबंध नाही. हे सूर्यफुलाच्या, झेंडूच्या कुळातलं. मूळचं अमेरिकेतलं, आणि आपल्याकडे १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानतात. पानं तेवढी गाजरासारखी कातरलेली, म्हणून नाव चिकटलं. आज आपल्या शहरात एक रिकामा प्लॉट दाखवा जिथं ते नाही. हात लावला की काहींच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, परागांनी शिंका आणि दम्याचा त्रास होतो. उपटायचं तर हातमोजे घालून, आणि फुलायच्या आधी.

ओळखायचं कसं? गाजराच्या खऱ्या भावकीत फुलोरा छत्रीसारखा असतो. दांड्याच्या टोकाला एकाच बिंदूतून सगळ्या काड्या फुटतात, छत्रीच्या तारा फुटतात तशा, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री. आपल्या मराठी विश्वकोशात याला चामरकल्प फुलोरा म्हटलंय. चामर म्हणजे चवरी, देवावर ढाळतात ती. कुळाचं नाव म्हणून चामर कुल. मला हा शब्द छत्रीपेक्षा जास्त आवडतो, कारण वाऱ्यावर ते फूल खरंच चवरीसारखं डुलतं. गाजर गवताचं तसं नाही. त्याच्या काड्या वेड्यावाकड्या फाटत जातात आणि टोकाला साबुदाण्याएवढे पांढरे टणक गोळे असतात. शिवाय चामर कुलातल्या पानाचा देठ खोडाला जिथं चिकटतो तिथं तो रुंद होऊन खोडाला मिठी मारतो. बडीशेपेच्या रोपावर हे फार छान दिसतं.

आता भावकी. लांब जायला नको, मसाल्याचा डबा उघडा. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शहाजिरे, हिंग. भाजीच्या पिशवीत कोथिंबीर आणि शेपू. सगळे गाजराचे चुलत-आत्ये-मावस. जगात या कुळात साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत. हिंगाचंच बघा. आपण पिढ्यानपिढ्या वरणाला हिंगाची फोडणी देतोय, पण हिंगाचं झाड भारतात मुद्दाम लावलं गेलं ते १५ ऑक्टोबर २०२० रोजी, हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात, सीएसआयआरच्या पालमपूरच्या संस्थेकडून. तोवर सगळा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानकडून. हे आपलं जाता जाता.

आणि याच कुळात हेमलॉक आहे. सॉक्रेटिसला इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये जो विषाचा पेला दिला, ते याचंच विष. दिसायला कसं? पांढरी चवरी, कातरलेली पानं. म्हणजे गाजराच्या फुलासारखंच. आपल्या मराठवाड्यात ते उगवत नाही, थंड प्रदेशातलं आहे. पण तुम्ही ट्रेकला काश्मीर-हिमाचलला जाता, रील बघून “वाइल्ड कॅरट” म्हणून काहीतरी उपटून चावता, तेव्हा हे लक्षात असू द्या. फोनवरचं झाड ओळखणारं अ‍ॅप या कुळात सपशेल गोंधळतं. मी कोथिंबिरीच्या फुलाचा फोटो काढला तर एकाच अ‍ॅपने तीन वेळा तीन नावं सांगितली. अ‍ॅपला वास येत नाही ना!

बरं, आता आपल्या सह्याद्रीतला खरा रानटी भाऊबंद. त्याचं नाव बाफळी.

मराठवाड्यातल्या कित्येकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या घाटमाथ्यावरच्या लोकांना विचारा, ते लगेच सांगतील. डोंगरउतारावरच्या गवतात उगवतं. जमिनीखाली जाड मूळ वर्षानुवर्षं जिवंत राहतं, उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, पहिला पाऊस पडला की पानं फुटतात. ती कोवळी पानं म्हणजे बाफळीची भाजी. उग्र वासाची, आपल्या शेपूसारखी. ज्याला शेपू आवडत नाही त्याने तिच्या वाटेला जाऊ नये! नंतर पिवळी चवरी फुलते आणि मग चपटी, पातळ कडा असलेली फळं येतात. आपण त्यालाच बी म्हणतो.

कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये गेला असाल तर याच कुळातलं आणखी एक तुम्ही पाहिलंय. पांढऱ्या चवऱ्या, कडेच्या फुलांच्या पाकळ्या मोठ्या आणि मधल्या छोट्या. कुणी त्याला पंद म्हणतं, कुणी पांद. शास्त्रीय नाव पिंडा कोंकणेन्सिस. सह्याद्री सोडून जगात कुठंच ते रानात उगवत नाही. लोक त्याच्यापुढं उभं राहून सेल्फी काढतात आणि “ते पांढरं गवतासारखं” म्हणून पुढं जातात. चालायचंच.

बाफळीकडे परत येते, कारण तिची गोष्ट आपल्या शहरापर्यंत येते.

गुलमंडी-शहागंजच्या बाजूला जुन्या जडीबुटीच्या दुकानांत जा आणि म्हणा, “दुकू द्या.” युनानी औषधांच्या यादीत हे नाव आहे. दुकानदार डबा काढेल. बहुतेक वेळा त्या डब्यात जे चपटं बी असतं ते बाफळीचं असतं. आता ‘दुकू’ हा शब्द कुठला? ग्रीक. डौकोस. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या वैद्याने डौकोसचं वर्णन केलंय, एक नाही, तीन प्रकार सांगितलेत. डौकोस म्हणजे रानगाजर आणि त्याच्यासारखी दिसणारी मंडळी. लिनिअसने १७५३ मध्ये गाजराला नाव दिलं, डौकस कॅरोटा, ते याच शब्दावरून. ग्रीकांचे ग्रंथ अरबीत गेले, डौकोसचं दुकू झालं, हकिमांबरोबर तो शब्द हिंदुस्थानात आला. इथं रानगाजर मिळेना. मग सह्याद्रीत जे मिळालं, तशाच वासाचं आणि तशाच चवरीचं, त्याच्यावर हे नाव बसलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत विल्यम डायमॉक नावाचा इंग्रज औषधतज्ज्ञ बाजारातल्या जडीबुटींची नोंद करत होता. ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा त्याचा आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा ग्रंथ. त्यात मराठी नाव बाफळी आणि बाजारातलं नाव दुकू, अशी ही दोन्ही नावं एकाच झाडाला दिलेली आहेत.

म्हणजे बघा, अथेन्सकडचा एक शब्द बगदादमार्गे आला आणि आपल्या घाटावरच्या भाजीला चिकटला. मला हे कळलं तेव्हा दोन दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत होते. आमच्या घरातले वैतागले होते.

पण इथं एक गडबड आहे, आणि ती नुसती शब्दांची नाही. मी तीन दुकानांतून दुकू म्हणून ५०-५० ग्रॅम बी आणलं. दोन पुड्यांत चपटं, पातळ कडेचं, बाफळीसारखं. तिसऱ्या पुडीत बारीक, केसाळ बी, गाजराच्या बियासारखं. नाव एक, माल वेगळा. दुकानांची नावं सांगत नाही, कारण त्यांनी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. ‘दुकू’ या शब्दातच दोन हजार वर्षांचा गोंधळ भरलाय. पण घेणाऱ्याने काय समजायचं?

आणि लोक ते कशासाठी घेतात? मुतखड्यासाठी.

आमचे मोठे मामा पैठणकडे असतात. उन्हातान्हात काम, पाणी कमी प्यायचं, चहा मात्र भरपूर. दोन वर्षांपूर्वी पोटात कळ आली. सोनोग्राफीत छोटा खडा निघाला. कुणीतरी सांगितलं, अमुक बी रात्री भिजवून सकाळी पाणी प्या. मामांनी प्यायलं, आणि खडा पडला! झालं. मामा त्या बियांचे प्रचारक झाले. वेळअवेळ नाही, लग्नकार्य नाही, कुणी पोटाला हात लावला की मामा खिशातून पुडी काढणार. मी म्हणाले, “मामा, पाच मिलिमीटरपेक्षा छोटे खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. पाणी भरपूर प्यायलात म्हणून पडला असेल.” तर म्हणाले, “अगं, तू दोन पुस्तकं वाचली म्हणून मला शिकवू नको. माझा खडा, मला माहीत.”

गेल्या मे महिन्यात पुन्हा कळ. पुन्हा पुडी. या वेळी खडा मोठा होता आणि मूत्रवाहिनीत अडकला होता. मामांनी सतरा दिवस बियांचं पाणी प्यायलं. अठराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मामीने फोन केला, आम्ही गाडी काढली आणि त्यांना इथं शहरात दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी रात्रीच नळी टाकली. स्टेंट म्हणतात ती, तुंबलेली लघवी वाहती करायला. सकाळपर्यंत थांबला असता तर जंतू रक्तात पसरले असते, असं म्हणाले. खडा नंतर काढला.

मी युनानीला नावं ठेवत नाही, आयुर्वेदालाही नाही. शिकलेला हकीम, शिकलेला वैद्य सोनोग्राफीचा रिपोर्ट बघतो, ताप आहे का विचारतो, आणि गरज असेल तर स्वतःच दवाखान्यात पाठवतो. पुडी काही विचारत नाही. तेव्हा मुतखडा असेल आणि थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरी मामा असतील तर त्यांना हा भाग ऐकवा. माझे मामा ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील.

आणखी एक सांगते, विशेषतः मुलींना. इंटरनेटवर रानगाजराचं बी गर्भ राहू नये म्हणून चघळायचं, असले सल्ले फिरतात. ही समजूत जुनी आहे, ग्रीकांच्या काळापासूनची. पण भरवशाचा उपाय म्हणून त्यावर विसंबायचं नाही, आणि दिवस गेलेले असतील तर ही बियाणं औषध म्हणून घ्यायचीच नाहीत. कृषी सेवा केंद्रातलं गाजराचं बियाणं तर कुणीच खायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, लाल-गुलाबी रंग दिसतो ना, तो त्याचाच इशारा.

हुश्श. आता आनंदाचा भाग. रानगाजर आपल्या गच्चीवर फुलवायचं.

“पण ताई, रानगाजर इथं उगवत नाही म्हणालात!” बरोबर. पण रानगाजर आणि आपलं खायचं गाजर ही एकच जात आहे, डौकस कॅरोटा. साधारण हजार वर्षांपूर्वी मध्य आशियात, अफगाणिस्तानच्या आसपास माणसाने या रानटी, पांढऱ्या, सुतळीएवढ्या मुळाच्या झाडाला पाळलं. सुरुवातीची गाजरं जांभळी आणि पिवळी होती. नारिंगी गाजर पुढं युरोपात, हॉलंडकडे, रूढ झालं. मूळ बदललं, फूल तेच राहिलं. म्हणून बाजारातलं गाजर फुलवलंत की रानगाजराचीच चवरी बघायला मिळते.

गाजर कुठलं घ्यायचं, इथंच सगळी मेख आहे. लांब, लाल, देशी गाजर घ्या. ते नारिंगी, आखूड, ज्याला आपण इंग्लिश गाजर म्हणतो, ते नको. इंग्लिश गाजराला फुलायला चार-सहा आठवडे दहा अंशांच्या खालची सलग थंडी लागते. आपल्याकडे रात्री गारठा पडतो, पण दिवसा ऊन निघतंच. देशी गाजराला आपली थंडी पुरते. म्हणूनच पुसा केसरसारख्या देशी वाणांचं बी मैदानात तयार होतं, आणि इंग्लिश वाणांचं बी डोंगराळ थंड भागात.

कधी घ्यायचं? भोगीला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण खेंगट करतो. वांगं, हरभरा, बोरं, शेंगा, तीळ आणि गाजर, वर बाजरीची तिळाची भाकरी. त्या भाजीसाठी गाजर आणायला औरंगपुऱ्याच्या मंडईत किंवा जाधववाडीला जालच. तिथं पाल्यासकट असलेली गाजरं शोधा. मावशींना सांगा, “मावशी, डोकं कापू नका.” पाला दोन बोटं ठेवून कापा. खालचा दोन तृतीयांश भाग खेंगटात, आणि डोक्याकडचा चार-पाच इंचांचा तुकडा कुंडीत. डोक्यावरचा कोंब शाबूत हवा. काही व्यापारी डोकं पार खरवडून टाकतात, ते गाजर कधीच फुटणार नाही.

रील्समध्ये गाजराचं शेंडं बशीत पाण्यात ठेवलेलं दाखवतात. त्याला पानं येतात, पण फुलापर्यंत जायची ताकद त्या अर्ध्या इंचात नसते. साठवण पाहिजे ना!

कुंडी फूटभर खोल. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि गाजर सडतं. एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कापलेला भाग एक दिवस सावलीत वाळू द्या, मग लावा. डोकं मातीच्या बरोबरीला. आठवडाभर सावली, नंतर पूर्ण ऊन.

पाण्याचं बोलू. आमच्या सिडकोत नळाला पाणी कधी येईल ते मेसेज आल्यावर कळतं. जायकवाडी भरलेलं असतं, तरी आमच्या टाक्या रिकाम्या. गच्चीवर फुलं लावतेय म्हटलं की शेजारी माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघतात. म्हणून सांगते, गाजराला फार पाणी लागत नाही, त्याची टाकी त्याच्या पोटातच आहे. भाजी आणि तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. वरचा इंचभर थर कोरडा झाला की तांब्याभर. मार्चमध्ये कुंडीवर उसाची चिपाडं किंवा वाळला पाला पसरायचा. ताज्या पाण्याचा थेंबही न वापरता मी चार कुंड्या फुलवल्या.

तीन-चार आठवड्यांत पाला, फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये दांडा. तो तीन-चार फूट जातो, काठी लावून बांधा, नाहीतर आपलं वारं त्याला झोपवतं. मग पहिली, सगळ्यात मोठी चवरी मधोमध उघडते, नंतर बाजूच्या फांद्यांच्या. भिंग असेल तर जवळून बघा. युरोपातल्या रानगाजराच्या चवरीत पुष्कळदा अगदी मधोमध एकच गडद जांभळं फूल असतं, पांढऱ्या ताटात मनुका पडल्यासारखं. आमच्या देशी गाजराच्या चवरीत मला ते अजून दिसलेलं नाही. तुम्हाला दिसलं तर फोटो पाठवाच.

आणि मग किडे येतात. हा माझा सर्वात आवडता भाग. गाजराची फुलं उथळ असतात, लांब सोंड नसलेल्यांनाही मध मिळतो. छोटी फुलोरी मधमाशी येते. मधमाशीसारख्या पट्ट्यांच्या, हवेत एका जागी थांबणाऱ्या माश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा खातात. लाल ठिपक्यांचे ढालकिडे येतात. डोळ्याला जेमतेम दिसतील अशा गांधीलमाश्या येतात, त्या अळ्यांच्या अंगात अंडी घालतात. शेतकऱ्यांची मुलं ऐकत असतील तर त्यांना माहीत असेल, हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी घ्यायला सांगतात ते याचसाठी. कोथिंबीर फुलली की कॅम्पोलेटिस नावाची छोटी गांधीलमाशी तिच्या मधावर जगते आणि घाटे अळीला मारते. फुकटचा मजूर. अट एकच, तुम्ही कोथिंबीर फुलू द्यायची, आणि ती फुलात असताना फवारणी करायची नाही.

फुलांचं काय करायचं? फुलदाणीत आठवडाभर टिकतात. परदेशात या फुलाला ‘क्वीन अ‍ॅन्स लेस’ म्हणतात, आणि लग्नाच्या सजावटीत गुलाबांच्या मधली पांढरी जाळी म्हणून अशीच फुलं महाग विकली जातात. पांढरी चवरी निळ्या शाईच्या पाण्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी निळी. घरात लहान भाचरं असतील तर हमखास करा. कोवळा पाला बारीक चिरून थालिपीठात छान लागतो. कडवटपणा असतो, पण कांदा, तीळ आणि ओवा घातला की जमतं. फुलाची भजीही होतात. फक्त स्वतः लावलेल्या गाजराचीच करा, रस्त्याकडेच्या कशाचीही नाही.

तोडताना हातमोजे घाला, किंवा संध्याकाळी तोडा. या कुळातल्या पुष्कळ झाडांच्या रसात असं काही असतं की तो कातडीवर लागून वर ऊन पडलं की चट्टा उठतो, कधी फोडही. गाजरात ते सौम्य असतं, रानातल्या काही नातलगांत जास्त. गंमत म्हणजे याच गुणातून औषध निघालं. इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या याच कुळातल्या एका रानफुलाचं बी कोडाच्या डागांवर वापरायचे. त्यातलं द्रव्य वेगळं काढलं आणि त्यावरून कोडाची उन्हासोबत घ्यायची उपचारपद्धती तयार झाली. आपल्याकडे बावचीचं बी याच कामासाठी होतं, कुळ वेगळं, द्रव्य त्याच घराण्यातलं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, नाहीतर भाजून निघाल.

बी एप्रिल-मेमध्ये पिकतं. चवरी आत वळते आणि चिमणीच्या घरट्यासारखी होते. तपकिरी झाली की कापून कागदी पिशवीत. बियांना बारीक काटे असतात, हाताने चोळून काढा. ऑक्टोबरमध्ये पेरलंत की नवी गाजरं. ती आईसारखीच येतील का? सांगता येत नाही. एकाच फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणजे परागकण बहुधा दुसऱ्या फुलाचा लागतो. म्हणून बियाणं कंपन्यांना प्रमाणित बियाण्यासाठी गाजराचे दोन वाण ८०० मीटर लांब ठेवावे लागतात. शेजारच्या जालन्याला हे गणित कोणी शिकवायला नको. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथं महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज जालना म्हटलं की स्टीलइतकंच बियाणं आठवतं. आपल्या भागात रानगाजर नाही, ही बियाणं करणाऱ्यांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. युरोपात रानगाजराचा पराग उडून येतो आणि पुढच्या पिढीत पांढरी, काटकुळी मुळं निघतात.

शेवटी दोन प्रश्न, मागच्या भागानंतर आलेले.

एका श्रोत्याने विचारलंय, बाफळी कुंडीत लावता येईल का? माझं मत, डोंगरावरून मूळ खणून आणू नका. मूळ काढलं की ती जागा रिकामी झाली, पुढच्या पावसात तिथं काही फुटत नाही. पानं खुडणारी आजी मूळ ठेवते, म्हणून तिला दरवर्षी भाजी मिळते. पिकलेलं ताजं बी मिळालं तर पावसाच्या तोंडावर पेरून बघा. आपल्या कोरड्या हवेत ते कितपत रमेल याची खात्री मी देत नाही. पुडीतलं बी जुनं असतं, त्यावर आशा ठेवू नका.

दुसरा प्रश्न, म्हैसमाळला पावसाळ्यात पांढऱ्या चवरीचं एक रोप दिसलं, ते काय? नुसत्या फोटोवरून मी सांगणार नाही. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ साली दोन खंडांत आलाय, इथल्याच विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम. ग्रंथालयात बसून बघा. नाहीतर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. पान, फूल आणि मुख्य म्हणजे पिकलेलं फळ, तिन्हींचे जवळून फोटो न्या. या कुळात ओळख फळावरून पटते. फळ आडवं कापलं की आत तेलाच्या बारीक नळ्या दिसतात. जिरं चावल्यावर जो वास येतो तो त्या नळ्यांतला.

मामा आता बरे आहेत. दिवसाला तीन लिटर पाणी पितात, बाटलीवर मामीने मार्करने रेघा मारल्यात. पुडी अजून खिशात असते, पण आता देताना म्हणतात, “आधी सोनोग्राफी करून ये.” भोगीला माझ्याकडे येणारेत. गाजराची डोकी कापू नका म्हणून मी मामीला आत्ताच फोन करून ठेवलाय.